एकच रेट, तीन कोटेशनं

माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांतला सगळ्यात बिनकामाचा कागद कोणता, तर कॉस्टिक सोड्याचं तिसरं कोटेशन. पहिलं वाचलं की दुसऱ्यात काय असणार हे कळतं आणि तिसरं निव्वळ ऑडिटरसाठी फायलीला लावायचं असतं.

इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसमध्ये मी खरेदी बघते. मागावरून उतरलेलं कोरं कापड आमच्याकडं येतं, त्याची खळ काढायची, उकळायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं आणि परत द्यायचं. कापड लोकांचं, पाणी नदीचं, आमचं स्वतःचं म्हणाल तर केमिकल. कॉस्टिक लाय, म्हणजे पाण्यात विरघळलेला कॉस्टिक सोडा, टँकरनं येते, सोडा ॲश पोत्यांनी, पेरॉक्साइड कॅनमधून, शिवाय हायड्रोस, ॲसेटिक, सिलिकेट, रंग. डीलर काही कोल्हापूरचे, काही मुंबईच्या वडगादीतले. महिना संपत आला की फोन सुरू होतात. "मॅडम, एक तारखेपासून रेट बदलतोय, आजच ऑर्डर टाका." अर्ध्या तासानं दुसऱ्याचा फोन. वाक्य तेच, वाढही तेवढीच.

मध्यंतरी कंपॅरेटिव्हवर, म्हणजे कोटेशनांच्या तुलनेच्या तक्त्यावर, सही करता करता शेठनी विचारलं, "ताई, हे सगळे ठरवून करतात ना? मग ह्यांच्यावर केस करता येत नाही का?" मी "बघते" म्हणाले आणि खरंच बघत बसले. वकील असलेल्या मावसभावाला पिडलं, निकालपत्रं मोबाइलवर मोठी करकरून वाचली. जे हाती लागलं ते इथं लिहिते. विकणाऱ्यांनी आपसात भाव ठरवू नयेत म्हणून जो स्पर्धा कायदा आहे, त्याबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते एकतर शेअर बाजाराच्या बातमीत, नाहीतर परीक्षेच्या नोट्समध्ये. खरेदीच्या टेबलावरून तो कसा दिसतो हे कुणी लिहीत नाही.

आधी विकणाऱ्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. कॉस्टिक एकटं तयार होत नाही. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की एक टन कॉस्टिकबरोबर जवळजवळ नऊशे किलो क्लोरीन निघतो. क्लोरीन हा साठवून ठेवायचा माल नव्हे. त्याला गिऱ्हाईक नसेल तर कारखान्याला कॉस्टिकचं उत्पादनही आवरतं घ्यावं लागतं. म्हणजे कापड बाजारात मंदी असतानासुद्धा, क्लोरीन उचलणारे थंड पडले की कॉस्टिक महाग होतं. त्यात टनामागं दोन-अडीच हजार युनिट वीज. विजेचा दर सगळ्यांना साधारण सारखाच बोचतो आणि आयात मालाचा भाव सगळेच रोज सकाळी बघतात. अशा धंद्यात चार कारखान्यांचे रेट दोन-चारशे रुपयांच्या आत आले तर त्यासाठी चौघांनी हॉटेलात जेवायला बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या बाजूची. आम्ही तीन कोटेशनं मागवतो, पण तीन डीलरांच्या मागं पुष्कळदा कारखाना एकच असतो. एकदा दोन कोटेशनांत 'ॲडव्हान्स'चं स्पेलिंग सारखंच चुकलेलं होतं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून शेठना दाखवले, ते हसले. दोघांनाही कंपनीच्या त्याच माणसानं मजकूर पाठवला होता, इतकंच. ती मिलीभगत म्हणायची का? कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. पण ती स्पर्धा तर मुळीच नव्हती, आणि माझ्या फायलीत मात्र 'तीन पार्ट्यांकडून दर मागवले' असं झकास लिहिलेलं होतं.

आता ज्या केसमुळं मला हे सगळं समजायला लागलं ती. अन्न महामंडळाच्या गोदामांत गव्हा-तांदळाच्या थप्प्यांना कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. गोळी तीन ग्रॅमची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, म्हणून थप्पीवर कव्हर घालून, कडेनं दाबून हवाबंद करायचं. या गोळ्या देशात बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा मोजून चार. आणि घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार.

मे २००९च्या टेंडरमध्ये यातल्या तिघांनी दर भरला: किलोला ३८८ रुपये. तिघांचाही ३८८. कंपन्या होत्या युनायटेड फॉस्फरस, एक्सेल क्रॉप केअर आणि संध्या ऑरगॅनिक. पहिल्या दोन मुंबईच्या, शेअर बाजारात नाव असलेल्या. तिसरी त्यांच्यापुढं अगदीच लहान. फेब्रुवारी २०११ मध्ये अन्न महामंडळानं हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाला पत्र लिहिलं, आयोगाच्या महासंचालकांनी तपास केला.

निकालपत्रात मला सगळ्यात रस वाटला तो तपासाच्या रीतीत. कुणाचं रेकॉर्डिंग नव्हतं, कुणी फुटलेला साक्षीदार नव्हता, 'आपण एवढाच रेट भरू' असा ईमेल नव्हता. होती ती खरेदी खात्याची फाईल. आधीच्या वर्षांची टेंडरं काढली, प्रत्येक वेळी कुणी काय दर भरला याचा तक्ता केला. त्यात दर सारखा येण्याची खोड जुनीच निघाली. महामंडळाच्या कार्यालयात येणाऱ्यांच्या रजिस्टरमधल्या नोंदीसुद्धा बघितल्या गेल्या. म्हणजे गेटवरचा वॉचमन ज्या वहीत "नाव लिहा साहेब" म्हणतो ती वही. शिवाय तिघांचे कारखाने वेगळ्या ठिकाणी, आकार वेगळे, खर्च वेगळे. मग शेवटचा आकडा रुपयापर्यंत जुळतो कसा, हा प्रश्न.

कंपन्यांचं म्हणणं मी वर कॉस्टिकबद्दल लिहिलं त्याच जातीचं होतं. विकणारे थोडे, घेणारा मोठा, मागच्या टेंडरचा दर सगळ्यांना ठाऊक, मग आकडे जवळ येणारच. आयोगानं ते मानलं नाही, अपील न्यायाधिकरणानं मानलं नाही, सर्वोच्च न्यायालयानंही मानलं नाही. जवळ येणं वेगळं आणि वर्षानुवर्षं तंतोतंत जुळणं वेगळं, आणि जुळण्याचं दुसरं पटण्यासारखं कारण तुम्ही देऊ शकला नाहीत, असा एकूण सूर. तारखांचाही एक वाद झाला. टेंडर भरायची तारीख होती ८ मे २००९ आणि आपसात दर ठरवायला बंदी करणारं कायद्याचं कलम लागू झालं २० मे २००९ ला. बारा दिवस आधीचं पाप या कायद्यात कसं मोजता, असा युक्तिवाद. पण वाटाघाटी झाल्या, ऑर्डर सुटली ती २० मे नंतर, तेव्हा परिणाम पुढं चालूच होता, असं म्हणून तोही फेटाळला. गंमत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकालही ८ मे लाच आला, २०१७ च्या.

दोषी ठरण्याबद्दल तिन्ही पायऱ्यांवर एकमत. खरी ओढाताण झाली दंडावर, आणि मला विचाराल तर या कायद्याचा रसायन उद्योगावर खरा परिणाम काय होतो ते तिथंच ठरतं.

आयोगानं २०१२ मध्ये तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या नऊ टक्के दंड लावला. युनायटेड फॉस्फरसला २५२.४४ कोटी, एक्सेलला ६३.९० कोटी, संध्या ऑरगॅनिकला १.५७ कोटी. कंपन्या म्हणाल्या, आम्ही शंभर वस्तू विकतो, चूक या एका गोळीत झाली असली तर दंड त्या गोळीच्या उलाढालीवर लावा. न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये ते ऐकलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्यावर शिक्का मारला. युनायटेड फॉस्फरसचे २५२ कोटी उतरून ६.९४ कोटी झाले. एक्सेलचे ६४ कोटींचे तीनच्या आत आले.

मी हे आकडे शेठना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे धरून फायदा काय?" मावसभाऊ मात्र न्यायालयाच्या बाजूनं. त्याचं म्हणणं, समजा दोन कंपन्यांनी मिळून एकच लबाडी केली. एक फक्त तीच वस्तू बनवते, दुसरी तीबरोबर वीस इतर वस्तू सरळमार्गानं विकते. पूर्ण उलाढालीवर दंड लावला तर सरळ धंद्याचीही शिक्षा दुसरीला. हे तत्त्व म्हणून पटतं. पण रसायनाच्या धंद्यात मोठी कंपनी म्हणजे शंभर वस्तूंचीच कंपनी. एका वस्तूच्या उलाढालीवर टक्केवारीनं दंड बसणार हे आधीच माहीत असेल तर तिच्या हिशोबनीसाला तो खर्चात धरता येतो. घेणाऱ्याच्या जागी बसून बघते म्हणून असेल, पण मला शेठचंच बरोबर वाटतं.

सरकारलाही तसं वाटलं असावं. २०२३ मध्ये कायदा बदलला, आणि ६ मार्च २०२४ पासून दंडाची जी रीत लागू झाली तिच्यात दोन्हींचा मेळ आहे. मोजायला सुरुवात संबंधित वस्तूच्या उलाढालीपासून, पण ३० टक्क्यांपर्यंत. आणि कमाल मर्यादा कंपनीच्या जगभरातल्या एकूण उलाढालीच्या दहा टक्के. जगभरातल्या, हे शब्द महत्त्वाचे. आपल्या शेतीऔषधांच्या नि रंगांच्या बड्या कंपन्यांचा मोठा धंदा परदेशात असतो.

पेरॉक्साइडचा किस्सा तर आमच्याच डिपार्टमेंटचा. मे २००६ मध्ये युरोपियन कमिशननं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या टोळीला ३८८ दशलक्ष युरोंचा दंड ठोकला. (पुन्हा ३८८! निव्वळ योगायोग, पण फायली वाचणाऱ्याला अशा गोष्टी दिसतातच.) सोल्व्हे, केमिरा, अक्झो नोबेल अशी मोठमोठी नावं. १९९४ ते २००० या काळात दर आणि गिऱ्हाइकं आपसात ठरवून घेतलेली. ते उघडकीला आलं कारण त्यांच्यातलीच देगुसा ही जर्मन कंपनी आधी जाऊन बोलली आणि पूर्ण माफी घेऊन मोकळी झाली. आपल्या कायद्यातही ही सोय आहे. पहिला येऊन सांगेल त्याला शंभर टक्क्यांपर्यंत सूट, मागून येणाऱ्याला कमी. चांगली युक्ती आहे. संगनमतात असलेल्या प्रत्येकाला रात्री झोपताना शेजाऱ्याची काळजी वाटली पाहिजे.

पण त्या केसचा पुढचा भाग मला जास्त आवडला. दंड सरकारजमा होतो, ज्यानं जास्त पैसे मोजले त्याला त्यातला छदामही मिळत नाही. पेरॉक्साइड घेणारे तिथले कागद कारखाने वगैरे होते, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आपले नुकसानभरपाईचे हक्क एका कंपनीला विकून टाकले, आणि त्या कंपनीनं सगळ्यांचे दावे एकत्र बांधून २००९ मध्ये डॉर्टमुंडच्या कोर्टात टाकले. एकट्यादुकट्यानं वकील करायची गरज नाही. आपल्याकडं कलम ५३-एन आहे. आयोगानं एखाद्या टोळीला दोषी धरलं की तिच्यामुळं नुकसान झालेल्याला भरपाई मागता येते, अर्ज अपील न्यायाधिकरणाकडं. त्या वाटेनं गेलेला एकही प्रोसेसवाला माझ्या ओळखीत नाही. कारण साधं आहे: ज्याच्याकडून उद्या टँकर हवाय त्याच्यावर आज कोण दावा लावेल? आमच्याकडं कॉस्टिकची टाकी चार दिवसांत रिकामी होते.

आता ग्राहक संरक्षणाचं. इथं मला एक जुनी कळ आहे.

टँकर आला की पहिल्यांदा काट्यावर जातो. भरलेलं वजन, मग रिकामं वजन. पण लायचं बिल नुसत्या वजनावर नसतं, तिच्यातल्या घट्ट कॉस्टिकवर असतं, म्हणजे 'हंड्रेड पर्सेंट बेसिस'. वीस टनांच्या टँकरमध्ये ४८ टक्के असेल तर ९.६ टन. ४७ टक्के निघालं तर ९.४. एका टक्क्यात दोनशे किलो कॉस्टिक उडालं, आणि डोळ्यांना पाणी तर दोन्ही वेळा सारखंच दिसतं. म्हणून आमचा लॅबचा पोरगा हातमोजे आणि चष्मा चढवून वरच्या झाकणातून नमुना काढतो, उंच नळीत ओततो आणि त्यात हायड्रोमीटर सोडतो. ते डुलत डुलत थांबतं. टवाडलचा, म्हणजे दाटपणाच्या मापाचा, आकडा शंभरच्या आसपास आला तर ठीक. त्यानंतर टायट्रेशन. पेरॉक्साइडचं वेगळं: थोडा नमुना, भरपूर पाणी, जरा ॲसिड आणि ब्युरेटमधून परमँगनेटचा थेंब थेंब. जांभळा थेंब पडतो आणि विरतो, पडतो आणि विरतो. ज्या थेंबाला गुलाबी छटा टिकली तिथं वाचन घ्यायचं. उन्हाळ्यात हे वाचन फार वेळा नाराज करतं.

एका मे महिन्यात पन्नास टक्क्यांच्या म्हणून आलेल्या मालात चाचणीला बराच कमी आकडा आला. तोवर निम्मे कॅन वापरून झाले होते आणि कापड पिवळट राहिलं म्हणून पार्टीनं परत केलं होतं. डीलर म्हणाला, मॅडम, आमच्याकडून निघाला तेव्हा बरोबर होता, तुमच्या शेडमध्ये उष्णता जास्त. उष्णतेनं पेरॉक्साइड उतरतं हे खरं आहे, म्हणून भांडण तिथंच अडकलं. मी रागानं म्हटलं, ग्राहक मंचात जाते. मावसभावानं थांबवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत. आम्ही त्यांच्या हिशेबी ग्राहक नव्हेच. साधा दिवाणी दावा लावा म्हणाला, आणि तो किती वर्षं चालेल ते विचारू नको म्हणाला.

आणि गंमत बघा, स्पर्धा कायद्याची व्याख्या उलटी आहे. तिथं माल घरी वापरायला घ्या, परत विकायला घ्या की कारखान्यात लावायला घ्या, तुम्ही ग्राहकच. म्हणजे पुरवठादारांनी आपसात ठरवून मला टनामागं हजार रुपये जास्त लावले तर मी ग्राहक म्हणून दिल्लीला तक्रार करू शकते. पण त्याच पुरवठादारानं मला पाणचट माल दिला तर मी ग्राहक नाही. पहिली गोष्ट सिद्ध करायला तपास यंत्रणा लागते, दुसरी आमचा लॅबचा पोरगा दहा मिनिटांत सिद्ध करतो. सोय नेमकी उलट ठेवलीय. पाकिटबंद मालाच्या वजनमापाच्या नियमांतूनही औद्योगिक वापराची पाकिटं वगळलेली आहेत, त्यामुळं किराणा दुकानातल्या निरम्याच्या पुडीवर जेवढं छापणं सक्तीचं, तेवढंही आमच्या पोत्यावर नसलं तरी चालतं.

एक फट आहे, ती इथल्या मागवाल्यांना सांगण्यासारखी आहे. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा करणारा माणूस ग्राहक कायद्यात ग्राहकच राहतो. घरात चार माग टाकून नवरा-बायको चालवत असतील आणि त्यांना खळीचं केमिकल खराब मिळालं, तर ते मंचात जाऊ शकतात. आम्हाला ती वाट नाही.

माझा दादा शिरोळकडं ऊस आणि भाजीपाला करतो, तोही ग्राहक. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय २०१९ च्या कायद्यात सदोष वस्तूनं इजा झाली तर बनवणाऱ्याला जबाबदार धरायचं स्वतंत्र प्रकरण आलं. कागदावर दादा माझ्यापेक्षा भक्कम. प्रत्यक्षात त्याच्या औषधाच्या बाटलीवरची सूचनापत्रिका मी एकदा वाचायला घेतली. घडी उलगडत गेली तर ती हातभर लांब, अनेक भाषांत, आणि मराठीची अक्षरं मुंगीएवढी. खाली लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल गट. दादाला त्रिकोणाचा अर्थ ठाऊक होता. फवारायला येणाऱ्या गड्याला नव्हता, आणि अंगाला लागतं ते त्याच्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. बाटली विकत घेणारा ग्राहक असतो, फवारणारा मजूर बहुतेक वेळा ती विकत घेतच नाही. कायदा या माणसाला कुठं बसवतो याचं उत्तर मावसभावानं बरंच लांबण लावून दिलं, तेव्हाच मला कळलं की सोपं उत्तर नाही.

इथवर आयोगाचं कौतुक आणि कायद्याच्या तक्रारी झाल्या. आता सरकारचा दुसरा हात.

सोडा ॲश घ्या. आमच्याकडं रिॲक्टिव्ह रंग कापडावर पक्का बसायला तो लागतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सोडा ॲशवाल्यांची अन्सॅक ही निर्यातीची संघटना भारतात स्वस्त माल पाठवायला निघाली. आपल्या अल्कली उत्पादकांनी तेव्हाच्या एमआरटीपी (मक्तेदारीविरोधी) आयोगाकडं धाव घेतली की ही परदेशी टोळी आहे, आणि आयोगानं मनाई हुकूम दिला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उडवला: जुन्या कायद्याचा हात देशाबाहेर पोचत नाही. नव्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये मग हात लांब केला. करार परदेशात झाला असला तरी परिणाम इथल्या बाजारावर होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो. पण आमच्यासारख्यानं तेव्हा कुणाच्या बाजूनं उभं राहायचं होतं? बाहेरची टोळी स्वस्त माल आणत होती आणि घरचे कारखानदार स्पर्धेचं नाव घेऊन तो अडवत होते.

ते आजही संपलेलं नाही. ३० डिसेंबर २०२४ ला सरकारनं सोडा ॲशवर किमान आयात किंमत लावली: टनाला २०,१०८ रुपये, त्याहून स्वस्त माल देशात आणायचा नाही, आधी सहा महिन्यांसाठी. चार उत्पादकांनी बसून 'याखाली विकायचं नाही' असं ठरवलं असतं तर आयोगानं नोटीस काढली असती. इथं राजपत्र निघालं. पेरॉक्साइडवर २०१७ मध्ये बांगलादेशसह सहा देशांच्या मालाला अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या आयात मालावरचा जादा कर, बसली, तेव्हाही आमच्या रेटवर परिणाम व्हायला महिना लागला नाही. देशी कारखाने टिकले पाहिजेत हे मला मान्य आहे. उद्या सगळंच बाहेरून यायला लागलं तर बंदरावरच्या एका गडबडीत आमचं ब्लीचिंग बंद पडेल. तक्रार एवढीच की ड्युटीचा विचार करणाऱ्या खात्यासमोर उत्पादकांची संघटना फायली घेऊन हजर असते, आणि आमच्यासारखे वापरणारे पाच जिल्ह्यांत विखुरलेले, ज्यांना सुनावणीची तारीखसुद्धा डीलरकडून कळते.

बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, सक्तीचंही तसंच दुधारी. २०१८ मध्ये कॉस्टिक सोड्यावर गुणवत्ता नियंत्रण आदेश आला, मानक चिन्हाशिवाय माल विकता येत नाही. माल कमअस्सल निघू नये यासाठी हे बरंच झालं, माझ्या लॅबचं काम थोडं हलकं झालं. पण परदेशी कारखान्याला परवाना मिळेपर्यंत त्याचा माल दाराबाहेर, म्हणजे तेवढा काळ घरच्यांची चैन. असे आदेश पुढं धाग्यापर्यंत आणि धाग्याच्या कच्च्या मालापर्यंत पसरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं त्यातले चौदा एकदम मागं घेतले, पॉलिएस्टरचे धागे आणि ते ज्यापासून बनतात ती पीटीए, एमईजी ही रसायनं धरून. आमच्या गल्लीत त्या दिवशी धागेवाल्यांनी एकमेकांना पेढे दिले नाहीत इतकंच.

शेठच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी त्यांना एका पानात लिहून दिलं. केस करता येते, आज आपल्याकडं पुरावा नाही. रेट सारखे आहेत हे दाखवता येईल, ते ठरवून सारखे केलेत हे नाही. अन्न महामंडळाकडं वर्षानुवर्षांचे भरलेले दर तारखेसह होते. आपल्याकडं फोनवरचे रेट आहेत, आणि ज्याचा माल घेतला नाही त्याचं कोटेशन वर्षअखेरीला रद्दीत जातं.

म्हणून आता पद्धत बदललीय. फोनवरचा रेट घेत नाही, व्हॉट्सॲपवर तरी लेखी मागते. कोटेशनमध्ये कारखान्याचं नाव, कारखान्यातला दर, वाहतूक आणि डीलरचं मार्जिन वेगवेगळं लिहून घेते. तिघांच्या मागं एकच कारखाना असेल तर ते कंपॅरेटिव्हवर तसंच नोंदवते, उगाच तीन पार्ट्या मोजत नाही. घेतलेली-न घेतलेली सगळी कोटेशनं एका बॉक्स फायलीत, आल्या वेळेचा शिक्का मारून. पेरॉक्साइड उतरवायच्या आधीच नमुना काढतो आणि बाटलीवर ड्रायव्हरची सही घेतो. शिवाय सोडा ॲशच्या पुढच्या सुनावणीसाठी इथल्या प्रोसेसर्स असोसिएशननं पत्र द्यावं म्हणून मसुदा करून दिलाय, तो अजून अध्यक्षांच्या टेबलावर आहे.

डीलरांपैकी एकानं मार्जिनचा रकाना कोरा ठेवून पाठवला. मी परत पाठवला. त्यानं फोन करून विचारलं, "मॅडम, हे सगळं कशाला? आपले इतक्या वर्षांचे संबंध." मी म्हटलं, ऑडिटरला लागतं. दुसऱ्या दिवशी रकाना भरून आला, आणि वाहतूक साडेतीनशे रुपयांनी कमी.